पाण्याचे कार्ड

गुरुवार, २२ जानेवारी, रात्री

सोलापुरातल्या सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीनंतरचा हा पहिलाच आठवडा. आज चौथ्या दिवशी आमचा दिव्यांग मुलांचा बालवर्ग थोडाफार रुळावर आला. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, अजून उठलेला नाही; पाळण्यांचे दिवे पाहून आणि पिपाण्या ऐकून उशिरा झोपलेली मुले सकाळी येतात, तेव्हा जत्रा त्यांच्या अंगातून उतरलेली नसते. आमच्या सात मुलांपैकी तिघांना तर गड्डा म्हणजे गोंगाट, गर्दी आणि मोडलेला दिनक्रम यांची शिक्षाच असते. सोमवारी 'मासा' आल्या आल्या कोपऱ्यातील सोलापुरी चादरीखाली शिरला आणि खाऊच्या वेळेपर्यंत बाहेर आला नाही. ती चादर तिथे मुद्दामच ठेवलेली असते. अंगावर सगळीकडून सारखा दाब पडला की काही मुले शांत होतात. त्यासाठी बाजारात खास वजनदार पांघरुणे मिळतात म्हणे, पण सोलापुरात राहून ती विकत आणणे मला तरी पटत नाही.

मुलांची खरी नावे मी या वहीतही लिहीत नाही. प्रत्येकाच्या चटईवर, डब्याच्या कप्प्यावर आणि हजेरीच्या पट्टीवर एकच चित्र असते आणि त्या चित्रानेच इथे त्यांची ओळख ठेवली आहे. 'मासा' साडेचार वर्षांचा आहे आणि तोंडाने अजून बोलत नाही. 'बस' पुष्कळ बोलतो, परंतु ते बहुतेक वेळा ऐकलेल्या वाक्यांचे प्रतिध्वनी असतात. 'छत्री' ही शहराच्या पूर्व भागातील मुलगी असून तिच्या घरी तेलुगू बोलतात. आई विड्या वळते, वडील मागावर असतात. तिला डाउन सिंड्रोम आहे, त्यामुळे बोटांची पकड सैल आहे, पण हुकमत अशी की वर्गाची खरी मुख्याध्यापिका तीच.

'मासा'ला आम्ही चित्रकार्डांनी मागायला शिकवत आहोत. ही पद्धत १९८५ साली अमेरिकेत तयार झाली आणि तिचे मर्म साधे आहे: हवी असलेली वस्तू मुलाने ओढून घ्यायची नाही किंवा रडून मिळवायची नाही, तर तिचे चित्र समोरच्या माणसाच्या हातात द्यायचे. सुरुवातीला दोन मोठी माणसे लागतात. एक समोर, वस्तू घेऊन. दुसरे मुलाच्या मागे, त्याचा हात कार्डापासून समोरच्या तळहातापर्यंत नेणारे. मागच्याने अवाक्षर काढायचे नसते. आमच्या मदतनीस मावशींना बोलण्याची भारी हौस, तरीही जूनपासून त्यांनी हे मौन इतक्या निष्ठेने पाळले की दिवाळीनंतर मागच्या हाताची गरजच उरली नाही. 'मासा' आता स्वतः उठतो, कप्प्यातून कार्ड काढतो आणि ते माझ्या हातावर ठेवतो.

माझ्या हातावर, आणि फक्त माझ्याच. हे वाक्य लिहिताना मला आज प्रथमच खटकले.

संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे जे टप्पे मांडले, त्यांत शेजारी बसून, तशाच वस्तूंशी, पण आपापले खेळण्याचा एक टप्पा आहे. आमचा वर्ग बहुतांशी याच टप्प्यात असतो, असे मी पालकांना नेहमी सांगते. मात्र संध्याकाळी सातही मुलांचे वैयक्तिक शिक्षण आराखडे काढून वाचले, तेव्हा सामाजिक विकासाच्या रकान्यात जवळजवळ सर्वत्र एकच शब्द आढळला: 'शिक्षिकेला नमस्कार करेल', 'शिक्षिकेकडे वस्तू मागेल', 'शिक्षिकेकडे पाहून हसेल'. सात मुले आणि प्रत्येकाची वाट माझ्यापर्यंत येऊन थांबलेली. एका मुलापासून दुसऱ्या मुलापर्यंत जाणारी वाट मी लिहिलेलीच नव्हती. आज ती मुलांनीच पाडली.

झाले ते असे. खाऊची वेळ होती, मुरमुरे आणि उरलेल्या तिळगुळाची चिक्की. मी 'पतंगा'चे हात धुवायला मोरीपाशी गेले होते. 'मासा'ची पाण्याची बाटली त्याच्या पुढ्यात होती, पण तिचे झाकण घट्ट. त्याने कार्ड काढले, माझ्या नेहमीच्या जागेपाशी येऊन तो थांबला, रिकाम्या पाटाकडे त्याने बराच वेळ पाहिले आणि मग शेजारी बसलेल्या 'बस'च्या तळहातावर ते कार्ड ठेवले. 'बस'ने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि हुबेहूब माझ्या हेलात, माझ्याच थांबण्याच्या जागा राखून म्हटले, "तुला पाणी हवंय का? अरे वा, छान मागितलंस!" मग कार्ड खिशात घातले आणि पुन्हा मुरमुरे वेचू लागला.

मी ओल्या हातांनीच उठले. मावशींनी पदराला धरून मला खाली बसवले. "अहो ताई, बसा की. काय करतंय ते बघू तरी."

'पाणी' हा शब्द 'छत्री'ने ऐकला होता. ती उठली, 'मासा'ची बाटली तिने दोन्ही गुडघ्यांत आवळली आणि झाकण फिरवू लागली. झाकण उघडणे आम्ही तिला उलट्या क्रमाने शिकवले आहे: आधी मी झाकण जवळजवळ उघडून द्यायचे आणि शेवटचा वेढा तेवढा तिने द्यायचा, मग शेवटचे दोन, मग तीन, म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचे समाधान तिचेच. संपूर्ण बंद झाकण तिने आजवर एकदाही उघडले नव्हते. आज तिची जीभ बाहेर आली, मान तिरकी झाली, तळवा दोनदा घसरला, तिसऱ्यांदा तिने फ्रॉकचे टोक झाकणावर धरले (हे तिला आम्ही शिकवलेले नाही) आणि झाकण फिरले. "रा," ती म्हणाली, "नीळ्ळु." ये, पाणी. 'मासा' आला. तिच्याकडे न पाहताच तो प्यायला, अर्धे पाणी सदऱ्यावर सांडले, आणि परत जाण्यापूर्वी त्याने तिच्या हातातील बांगडीला एक बोट लावले.

त्या 'नीळ्ळु'बद्दल थोडे लिहायलाच हवे. सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी तिच्या आईला सांगितले होते की घरी तेलुगू बंद करा, दोन भाषांमुळे मूल गोंधळते. माउलीने आठवडाभर मोडक्या मराठीत लेकीशी बोलायचा प्रयत्न केला आणि शेवटी ती बोलायचीच थांबली. दोन भाषा ऐकल्याने अशा मुलांचे बोलणे आणखी मागे पडते, असे या विषयावरच्या अभ्यासांत दिसून आलेले नाही. आईच गप्प झाली तर मात्र मुलाचे नुकसान होते, हे समजायला अभ्यासाचीही गरज नाही. आमच्या वर्गात पाणी म्हणजे मराठी पाणी, तेलुगू नीळ्ळु आणि कानडी नीरु, तिन्ही चालतात. या गावात ते तसेच चालत आले आहे.

दुसरी एक खंत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा जो हक्क दिला, तो सहा ते अठरा या वयासाठी आहे. माझ्या वर्गातले एकही मूल अजून सहाचे नाही. ज्या वर्षांत हे सगळे सर्वांत लवकर रुजते, नेमकी तीच वर्षे ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर सोडलेली आहेत.

घरी नेताना 'मासा'च्या आईला सांगितले, तर तिने आधी विचारले, "पाणी कुणी दिलं?" मी सांगितले. ती काही बोलली नाही. 'छत्री'च्या आईला शोधत फाटकाकडे गेली. दोघी तिथे उन्हात बराच वेळ उभ्या होत्या. दोघींची भाषा वेगळी, तरी हातवाऱ्यांवरून झाकण उघडण्याचेच वर्णन चालले होते हे दुरूनही कळत होते.

आराखड्यांतील 'शिक्षिकेला' हा शब्द मी तीन ठिकाणी खोडून 'वर्गातील मुलाला' असे लिहिले आहे. उरलेल्या चारांसाठी घाई करणार नाही. 'पतंगा'ला अजून माझाच हात लागतो. उद्यापासून खाऊच्या वेळी माझा पाट मोरीच्या बाजूला, मुलांपासून चार पावले दूर राहील.

आत्ताच 'बस'च्या आईचा निरोप आला. चड्डी धुताना खिशात पाण्याच्या पेल्याचे चित्र सापडले, ते महत्त्वाचे आहे का, असे विचारते आहे. कार्ड पार भिजून गेले आहे. उद्या पाण्याची कार्डे दोन-तीन जास्तच कापून, प्लॅस्टिक लावून ठेवायला हवीत.