आमची वाटचाल : हायवेलगतचं पॅकहाऊस

२००३ साली पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, मुंबई-आग्रा हायवेला लागून, वडिलांच्या वाटणीच्या वीस गुंठ्यांत आम्ही निर्यातीची द्राक्षं पॅक करायची शेड टाकली. एक प्री-कूलिंगची, म्हणजे माल झटपट गार करायची खोली, एक कोल्ड स्टोअर आणि सहा टेबलं. निम्मे पैसे बँकेचे, निम्मे घरचे. मोठे निर्यातदार तेव्हा दोन एकरवाल्याच्या बागेत पाय ठेवत नसत. त्यांचं म्हणणं, तेरा टनांचा कंटेनर भरायला तीन-चार जणांच्या बागा जुळवाव्या लागतात आणि माल एकसारखा येत नाही. जुळवाव्या लागतात हे खरंच आहे. आम्ही जुळवल्या.

पहिला सौदा दिंडोरी तालुक्यातल्या नानांचा. अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षं. मी साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर रस टाकून उजेडाकडे धरला, तर नानांनी तो माझ्या हातातून घेतला, स्वतः बघितलं आणि म्हणाले, "सोळा. चार दिवस थांब." मी घाईत होतो, ते नव्हते. चार दिवसांनी अठरा भरली. तो रिफ्रॅक्टोमीटर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. काचेवर चरा पडलाय, पण मोजतो बरोबर.

या धंद्यात सगळं देठावर असतं. मणी कितीही फुगलेला असो, देठ तपकिरी पडला की परदेशातला खरेदीदार बॉक्स बाजूला ठेवतो. म्हणून ऊन चढायच्या आत काढणी, तासाभरात माल टेबलावर आणि पॅक झालेले बॉक्स लगेच प्री-कूलिंगला. मण्यात तापमान मोजायच्या प्रोबची सुई घालून चार अंश दिसल्याशिवाय आमच्याकडे बॉक्समध्ये बुरशी रोखणारं सल्फरचं पॅड ठेवत नाहीत. नवीन पॅकहाऊस काढणाऱ्यांना माझं सांगणं आहे, भिंतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो खोलीच्या हवेचा असतो. दोन चांगले प्रोब घ्या आणि दर आठवड्याला बर्फाच्या पाण्यात तपासा. रंगरंगोटी नंतर करा.

पुढची पाच-सहा वर्षं माल बरा गेला.

मग २०१०. एप्रिलमध्ये युरोपातल्या तपासणीत आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं, म्हणजे आपलं सीसीसी. काढणी आटोपल्यावरच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड भरावा म्हणून सगळा जिल्हा ते वर्षानुवर्षं मारत होता. तिकडची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीआधी मालातले औषधांचे उर्वरित अंश तपासत होतेच, त्याचे दाखले आमच्या फाइलला होते, पण तपासायच्या यादीत या औषधाचं नावच नव्हतं. शेतकऱ्यानं लपवलं नाही, आम्ही लपवलं नाही. तरी माल अडकला. आमचे पाच कंटेनर होते, तीन रॉटरडॅमला उतरलेले, दोन समुद्रात. तिकडचा खरेदीदार आधी म्हणाला बघतो, नंतर फोन घेईना. शेवटी एका कंटेनरचे जेमतेम भाडं सुटेल एवढे पैसे आले. एकेचाळीस बागायतदारांचे सत्तावीस लाख माझ्या अंगावर राहिले.

त्या मे महिन्यात गावात एकच चर्चा, हाही पळणार. द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला पळालेला व्यापारी म्हणजे काय ते सांगायला नको. मी रोज सकाळी सातला शेडचं शटर उघडून खुर्ची टाकून बसायचो. आत माल नव्हता. पण येणाऱ्याला मी दिसलो पाहिजे, एवढंच. एक दिवस नाना आले, वही मागितली, सगळी नावं वाचली आणि स्वतःच्या नावापुढे पेनानं लिहिलं, 'शेवटी'. म्हणाले, "आधी एक एकरवाल्यांचे दे." बायकोचे दागिने, एक पिकअप आणि वडिलांची गावाकडची चार गुंठे जागा गेली. सत्तावीस लाख फेडायला तीन हंगाम लागले. नानांचे एक लाख चौऱ्याण्णव हजार २०१३च्या मार्चमध्ये दिले.

आणि त्याच वर्षी बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा घेऊन एक कंपनी हायवेच्या पलीकडे आली. नाव घेत नाही. आमच्या दसपट शेड, गावोगाव मेळावे, प्रत्येकाला टोपी आणि छत्री. किलोमागे आमच्यापेक्षा आठ रुपये जास्त. एकेचाळीसातले एकोणतीस गेले. ज्यांचे पैसे मी घरातलं विकून दिले होते तेही गेले. त्याचा राग अजून आहे, उगाच नाही म्हणणार नाही. नानांनी मात्र घरी बोलावून तोंडावर सांगितलं, "पोरीचं लग्न आहे. दीड एकर त्यांना देतो, एक एकर तुझा." चोरून दिलं असतं तर मला जास्त लागलं असतं.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. ऐन काढणीत. घड फुटले, काड्या सोलल्या. पलीकडच्या कंपनीची माणसं एकदा येऊन फोटो काढून गेली. सौदे तोंडी होते, उचल म्हणजे आगाऊ पैसे दिले नव्हते. पुढच्या हंगामात त्यांची शेड उघडलीच नाही. पैसा लावणाऱ्यांना पाच वर्षांत किती पट होणार हे हवं होतं, आणि वेल लावल्यापासून पुरता माल द्यायलाच तीन वर्षं घेतो. मोठा पैसा शेतीत येऊ नये असं मी म्हणत नाही. कोल्ड स्टोअर फुकट उभं राहत नाही. पण बागायतदारानं सौदा कागदावर घ्यावा, तारीख आणि दर दोन्ही लिहून, आणि पहिल्या क्रेटच्या आधी उचल घ्यावी. माझ्याकडूनसुद्धा.

गारपिटीनंतर नानांच्या अडीच एकरातला फुटका माल मी बेदाण्याच्या भावानं उचलला, कंपनीला दिलेल्या दीड एकरासकट. त्यांनी दोनदा नको म्हटलं. मी गाडी उभीच ठेवली.

गेलेल्यांपैकी सतरा जण परत आले. कुणाला काही विचारलं नाही, वहीत नाव पुन्हा लिहिलं.

नाना आता बागेत फार येत नाहीत, मुलगा बघतो. यंदा त्यांची छाटणी १२ ऑक्टोबरला झाली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साखर बघायला जाईन. रिफ्रॅक्टोमीटर तोच नेणार आहे.