चष्मा

“चष्मा कुठे टाकलास माझा?” ताई ओरडल्या. चष्मा त्यांच्याच डोक्यावर होता.

घरकाम करणाऱ्या मावशींना तो दिसला, हे मी पाहिलं. तरी त्या वाकून सोफ्याखाली शोधू लागल्या. त्या सोफ्याची स्प्रिंग बाहेर आलीय, वर आठवड्याभराचे न घडी केलेले कपडे. या घरात हत्ती हरवला तरी कळायचं नाही, पण हरवतो तो मावशींमुळेच!

नंतर स्वयंपाकघरात मी हळूच विचारलं, सांगितलं का नाही?

“डोक्यावर आहे म्हटलं की आवाज आणखी चढतो. दोन मिनिटं शोधल्यासारखं करायचं. हात आपोआप डोक्याकडे जातो.”

इतक्या सहज म्हणाल्या, जणू भांडी घासण्याची युक्तीच सांगतायत.

घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 सालचा करार आहे, क्रमांक 189. आठवड्यातून सलग 24 तास तरी विश्रांती हवी, असं त्यात म्हटलंय. चांगलंच आहे. पण मालकिणीचा मान सांभाळायचं हे जादा काम कुठल्या तासांत धरायचं?

आणि हो, चष्मा मलाही दिसत होता. मी तर पाहुणी होते. मी का गप्प बसले?