रंग काहून नाही ठेवले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रदर्शन उरकून महिने झाले, तरी भेटेल तो हेच विचारतो. बाजारात, एसटीत, परवा एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा: "मॅडम, रंग काहून नाही ठेवले जी? पैसे नव्हते काय?" आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातलं, चहूकडे पऱ्हाटी आणि तूर. तिथल्या सभागृहात विद्यार्थ्यांनी काढलेली माणसांची चित्रं आम्ही चार दिवस लावली होती, सगळी काळ्या-पांढऱ्यातली. पैशांची ओढाताण होतीच. पण कारण ते नव्हे.

कारण आहे एक गुलाबी खडू. प्रदर्शनाच्या आदल्या वर्षी स्नेहसंमेलनात 'माझी माय' या विषयावर चित्रं काढायला सांगितली होती. तपासायला बसले तर एकूण एक माय गोरी. यातल्या कित्येकींना मी ओळखते. 44-45 अंशांच्या उन्हात वावरात काडीकचरा वेचणाऱ्या बाया त्या, आणि कागदावर मात्र साबणाच्या जाहिरातीतून उतरल्यासारख्या. एका मुलीला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "अंगाचा रंग तोच असते ना मॅडम." पेटीतल्या त्या फिक्या गुलाबी कांडीला पोरं 'स्किन कलर' म्हणतात. ती स्वतः सावळी. बोलताना तिनं आपल्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला रंगाची पेटी बंद. कोळसा, शाई, पेन्सिल आणि लिनो, म्हणजे कोरून ठसा छापायची चादर, एवढंच. गोरं-सावळं रंगवायची सोयच नको. उजेड कुठे पडलाय आणि सावली कुठे आहे, ते बघा आणि तेवढंच काढा.

मी चित्रकार नाही, वनस्पतीशास्त्र शिकवते. त्यामुळे लिनो हातात आला तेव्हा मला वेगळाच आनंद झाला. लिनो म्हणजे लिनोलियम, आणि ते बनतं जवसाच्या तेलापासून. ते तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुसा मिसळतात आणि तागाच्या कापडावर थापतात. 1860च्या दशकात इंग्लंडमध्ये ते जमिनीवर अंथरायला म्हणून निघालं, चित्रकारांनी नंतर उचललं. आमच्या पोरांना जवस माहीत आहे तो चटणीतला. नागपूरच्या सीताबर्डीहून आणलेली ती करडी चादर मी त्यांच्या नाकाशी धरली, तर दोघा-तिघांनी लगेच ओळखलं. कोरायच्या आधी ती पाच मिनिटं उन्हात ठेवली की मऊ पडते. उन्हाची आमच्याकडे काय कमी! छापायला प्रेस नव्हता. शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासायचं. कडेपर्यंत नीट घासलं नाही की काळ्यात पांढरे डाग राहतात.

लिनोची एक रीत आहे, ती मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची वाटते. जे कोरून काढाल ते पांढरं छापतं, जे राहू द्याल ते काळं. म्हणजे काळं आधीपासून असतंच, उजेड तेवढा कोरून आणावा लागतो. चित्रकार नंदलाल बोस यांनी 1930 साली, दांडीयात्रेच्या वेळी केलेलं काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचं लिनोचित्र मी मुलांना दाखवलं. पुढे 1936 मध्ये गांधीजी आपल्या शेजारच्या सेवाग्रामला राहायला आले, म्हणून ते आम्हाला घरचे. त्या चित्रात काळ्यातून मोजक्या पांढऱ्या रेषा निघतात आणि तेवढ्यावर माणूस चालायला लागतो. चित्रकार चित्तप्रसाद यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळात शाईनं काढलेली माणसंही दाखवली. वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आपली माय कोरत होता, चुलीपुढे बसलेली. पहिल्या ठशात त्यानं गाल, कपाळ, हनुवटी सगळं कोरून टाकलं. छापल्यावर चेहरा पांढराफटक. पुन्हा तीच सवय, आता खडूऐवजी हत्यारानं. मी म्हटलं, "आज संध्याकाळी नुसता बघत बस. जाळ कुठपर्यंत पोचतो ते बघ." दुसऱ्या ठशात त्यानं फार थोडं कोरलं. गालाची एक कड, नाकाचा शेंडा, नाकातला खडा, बांगड्यांची किनार. बाकी सगळं काळं राहू दिलं. ती बाई तिथे होती! आधीच्या ठशात ती कुठेच नव्हती.

एकूण 71 चित्रं आली, लावली 34. मोबाइलवरच्या फोटोवरून उतरवून बोटानं घासून गुळगुळीत केलेले सिनेमातले आणि राजकारणातले चेहरे मी बाजूला काढले. हात चांगला होता, पण त्या माणसांना कोणी समोर बसवून पाहिलं नव्हतं. काही पोरं रुसली. त्यांची समजूत मी अजून पुरती काढू शकलेले नाही.

चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर यावा, असा मांडणीचा रिवाज आहे. आम्ही 50 वर आणला, कारण बघायला येणाऱ्या बाया आणि लेकरं तेवढ्याच उंचीची. ज्यांची चित्रं होती, त्या प्रत्येकाला आधी विचारलं. एका आजोबांनी साफ नाही म्हटलं. काळापांढरा फोटो भिंतीवर म्हणजे मेलेला माणूस, त्यावर हार चढतो. "मले आत्ताच काहून टांगता बाई?" त्यांचं बरोबर होतं. कोळशातलं ते चित्र सगळ्यांत देखणं होतं, तरी काढून त्यांच्या नातीच्या हाती दिलं.

चारातला एक दिवस मुद्दाम आठवडी बाजाराचा धरला होता. दुपारनंतर भाजीच्या पिशव्या घेऊन बाया आत आल्या, चपला दाराशी काढून, देवळात यावं तशा. त्यांत चुलीपुढची माय कोरणाऱ्या त्या मुलाची माय होती. सोबतची बाई चित्रापुढे थबकली आणि म्हणाली, "हे तं तूच व्हय वं! पण खडा चुकला पोराचा. तुह्या डाव्या नाकात हाय, यानं उजव्यात घातला."

खरंच होतं. ठसा छापला की उलटा उमटतो, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मुलगा कानापर्यंत तापला. मी समजावायला पुढे झाले, पण त्याआधी मायच बोलली. पिशवी खाली ठेवून ती चित्राच्या अगदी जवळ गेली होती.

"नाही वं," ती म्हणाली, "आरशात मले असाच दिसते."