डुकराच्या मांसातली चरबी आणि मायक्रोआरएनए: नमुना नीट घ्या

गोव्यात काय, सिंधुदुर्गात काय, डुकराच्या पाठीवर चरबीचा जाड थर कुणालाच नको असतो. मांसात मात्र चरबीच्या बारीक रेषा हव्यात, नाहीतर शिजवल्यावर ते कोरडं लागतं. स्नायूतली चरबी 2 ते 3 टक्के असली की चव जमते. लार्ज व्हाइट यॉर्कशायर या जातीच्या डुकरांमध्ये ती बऱ्याचदा याहून कमी भरते.

या दोन्ही चरबींच्या वाढीवर मायक्रोआरएनएचा हात असतो. साधारण 22 न्यूक्लिओटाइडचे (आरएनएच्या साखळीतल्या दुव्यांचे) हे तुकडे जनुकाचा निरोप नेणाऱ्या मेसेंजर आरएनएला चिकटतात आणि प्रथिन कमी बनू देतात. एमआयआर-27 हा मायक्रोआरएनए पीपीएआर-गॅमाला, म्हणजे चरबीपेशी घडवणाऱ्या मुख्य प्रथिनाला, दाबतो, त्यामुळे चरबीपेशी पक्व होणं मंदावतं. एमआयआर-143 उलट पेशी पक्व होण्याला चालना देतो. पण एकेक मायक्रोआरएनए कितीतरी जनुकांवर काम करतो आणि प्रत्येकावरचा परिणाम बहुधा थोडाच असतो. त्याला चरबीचं बटण म्हणू नये.

हे मायक्रोआरएनए मोजायचे तर खरी गोची नमुन्यात होते. कोकणच्या उकाड्यात आरएनए झपाट्याने तुटतो, म्हणून कत्तल झाल्याझाल्या शेवटच्या बरगडीजवळच्या पाठीच्या लांब स्नायूतून आणि वरच्या चरबीतून वेगवेगळे तुकडे घ्या. जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी, आरएनए टिकवणारं द्रावण दहापट, रात्रभर 4 अंशांवर, मग उणे 80. द्रव नायट्रोजन मिळत असेल तर उत्तमच. आरएनए वेगळा काढायला ट्रायझॉल हे द्रावण 100 मिलिग्रॅम नमुन्याला 1 मिलिलिटर. चरबीचा नमुना त्यात दळल्यावर 4 अंशांवर 12,000 जी वेगाने 10 मिनिटं फिरवा आणि वर तरंगणारा स्निग्ध थर काढून टाका, मगच क्लोरोफॉर्म घाला. आरएनए गाळून धरणारे साधे कॉलम 200 न्यूक्लिओटाइडपेक्षा लहान आरएनए धरत नाहीत. इथेच अनेकांचं सगळं वाहून जातं! इथेनॉलचं प्रमाण वाढवा किंवा मायक्रोआरएनएसाठीचाच किट वापरा.

आकडे हाती आले तरी घाई नको. ज्या तुकड्यात चरबीपेशी जास्त, त्यात त्यांचे मायक्रोआरएनए जास्तच दिसणार. ते कारण आहे की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी पूर्व-चरबीपेशी वाढवून त्यात मिमिक (मायक्रोआरएनएची नक्कल) किंवा इन्हिबिटर (त्याला अडवणारा रेणू) घालावा, इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स ही रसायनं देऊन पेशी पक्व करायला लावाव्यात आणि साधारण 8 दिवसांनी ऑइल रेड ओ या चरबी रंगवणाऱ्या रंगाने रंगवून चरबीचे थेंब पाहावेत.

कत्तलीनंतर 45 मिनिटांनी मांसाचा सामूही (पीएच) नोंदवा. तो 6च्या खाली असेल तर मांस फिकट आणि पाणी सोडणारं होण्याची दाट शक्यता, आणि त्यामागे बहुधा उन्हाचा किंवा वाहतुकीचा ताण असतो. असा नमुना वेगळा ठेवा.