दहा पाने जास्त

रविवार, रात्री उशिरा.

आजचा वर्ग साडेबाराला संपायचा होता तो पावणेदोनला संपला, आणि त्यात दोष सर्वस्वी माझा होता. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी दहा-बारा जण जमतात आणि लिहिण्याबद्दल व छापण्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते मी त्यांना सांगते. लिहिण्याबद्दल सांगताना मी जपून बोलते, कारण तिथे माझेच बरेच काही अनिश्चित असते. छापण्याकडे वळले की मात्र माझा आवाज चढतो आणि घड्याळ दिसेनासे होते.

आज फॉर्म शिकवला, म्हणजे पुस्तक छापताना एका मोठ्या कागदातून एकत्र निघणारी सोळा पृष्ठे. जुन्या वर्तमानपत्राचा एक मोठा कागद तीनदा दुमडून आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे केली आणि प्रत्येकाला पेन्सिलीने त्यांवर क्रमांक घालायला लावले. मग कागद उलगडला तेव्हा १ च्या शेजारी १६ आलेला आणि निम्मे आकडे डोक्यावर उभे राहिलेले पाहून, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या आणि एरवी एक शब्दही न बोलणाऱ्या बाई मोठ्याने हसल्या. हा कागद मी आजवर किती वेळा दुमडला असेल कोण जाणे, पण तो उलगडतानाचे समोरचे चेहरे पाहण्याचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक काका वर्गात आहेत. त्यांच्या आठवणींचे हस्तलिखित मी दोनदा वाचले होते आणि सुरुवातीचे गाव, घराणे, शाळा हे सगळे कमी करावे असे दोन्ही वेळा सुचवले होते. दोन्ही वेळा त्यांनी नम्रपणे मान डोलावली आणि एक ओळही काढली नाही. आज त्यांनी हिशेब मांडला. शीर्षकपानांसकट १७० पृष्ठे होत होती, म्हणजे दहा फॉर्म भरून वर दहा पृष्ठे उरत होती. त्या दहांसाठी अकरावा फॉर्म घ्यायचा आणि त्यातली सहा कोरी सोडायची, हे आयुष्यभर सुट्या पैशांचा हिशेब दिलेल्या माणसाला पटेना. ते बराच वेळ पाने उलटत बसले आणि मग म्हणाले, "मॅडम, गाडी बाराव्या पानावर सुटतेय. तोवर प्रवाशानं काय करायचं?" मी दोनदा सांगून जे झाले नाही ते एका घडी घातलेल्या कागदाने केले. मला क्षणभर हेवा वाटला, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे.

करारनाम्याला त्यानंतर हात घातला, म्हणून उशीर झाला. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी समोर ठेवलेल्या कागदावर मी न वाचता सही केली होती. पुस्तक छापले जाते आहे याच आनंदात मी होते, आणि 'सर्व हक्क' या दोन शब्दांत अनुवादही येतो आणि नाट्यरूपांतरही, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या वेळी हे सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून आता १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम १९ मी सावकाश वाचून दाखवते: हक्क लेखी आणि सहीनिशीच दिले जातात; मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते; प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कविता लिहिणाऱ्या एका मुलीने वहीत 'पाच वर्षे' या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या. तिच्या कवितेतल्या एखाद्या शब्दाबद्दल मी काही बोलले, तर ते वर्षभराने बरोबर ठरेल की चूक, हे मला सांगता येत नाही. त्या दोन रेघा मात्र तिच्या नक्की उपयोगी पडतील, आणि अशी खात्री मला स्वतः लिहिताना क्वचितच लाभते.

शुद्धलेखन आज राहूनच गेले. 'कवी' दीर्घ आणि 'कविसंमेलन' ऱ्हस्व का, हा गेल्या रविवारचा प्रश्न अर्धाच सुटला आहे, आणि उत्तर देण्याआधी मीही नियम पुन्हा उघडून पाहिला होता, हे मी त्यांना सांगितलेले नाही.

रात्री नऊच्या सुमारास काकांचा फोन आला. पहिली अकरा पृष्ठे काढली, तेव्हा एकशे एकोणसाठ उरली आणि दहाव्या फॉर्मात एक पृष्ठ मोकळे राहिले. ते कोरे सोडायचे त्यांच्या जिवावर आले होते. तिथे अर्पणपत्रिका घालावी असे त्यांच्या मनात होते, परंतु पुस्तक माणसालाच अर्पण करावे लागते की डेपोला केले तरी चालते, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, चालते.