डोळे मिटलेले फोटो

सकाळी साडेपाचला घरी आलो, आंघोळ केली, पडलो, पण झोप काही लागली नाही. दहाला उठून कार्ड लॅपटॉपला लावलं आणि तेव्हापासून डोकं तिथंच अडकलंय. तसं काही झालं नाही. हे मी सकाळपासून स्वतःलाच सांगून राहिलो, की बाबा काही झालं नाही.

काल रात्री तळणीच्या पुढे रेल्वेचा 1 ते 4 ब्लॉक होता, म्हणजे तेवढा वेळ त्या लाइनवर गाड्या बंद, रुळाचं काम. वरच्या तारेचा करंट बंद, आणि बाजूच्या लाइनवर गाड्या चालूच, म्हणून एक जण शिट्टी घेऊन उभा. गाडी दिसली की शिट्टी, सगळे बाजूला. काम साधंच, झिजलेले रूळ काढून नवे टाकायचे. साधं म्हणजे सांगायला. 13 मीटरचा रूळ, मीटरला 60 किलो, म्हणजे 780 किलोचं धूड, आणि ते चिमट्यांत धरून माणसं खडीवरून चालतात, सगळे एका सुरात ओरडत, पाय पण एका सुरात.

साहेबांना रेकॉर्डसाठी फोटो पाहिजे होते, पिंट्यानं माझं नाव सांगितलं. आता अडचण अशी की फ्लॅश मारला की जॅकेटवरच्या पट्ट्या ट्यूबलाइटसारख्या पेटतात आणि चेहरे कोळसा. मग मी शहाण्यासारखा फ्लॅश फुल केला, खाली बसलो आणि समोरून मारला. रूळ त्यांच्या हातात असताना.

पुढच्या काकांचा पाय खडीत सरकला. एवढंच. बाकीच्यांनी तोलून धरलं, रूळ बसला खालच्या आडव्या स्लीपरवर, दोन सेकंदांचा खेळ. काका म्हणाले, "सांगून मारत जा ना बाप्पा, डोयापुढं अंधारी येते." शिवी नाही दिली. मेटनं, म्हणजे टोळीच्या मुकादमानं, दिल्या त्या मी मोजत नाही, काकांनी एक दिली असती तर आता झोपलो असतो.

नंतर कोणी माझ्याशी बोललंच नाही. तुरीच्या वावरातून गार वारा, चहाची किटली आली ती मला सोडून पुढे गेली, आणि मला एकदम भरूनच आलं की आपण कोण इथे, ना रेल्वेचे ना ठेकेदाराचे, अप्पा म्हणतात तेच खरं. दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं... जाऊ द्या ते.

मग वेल्डिंग. रुळांच्या जोडावर साचा, वर पावडरचं भांडं, ते पेटवलं तर सगळ्यांनी तोंडं फिरवली आणि मी एकटाच आ वासून पाहत. नंतर पाच मिनिटं नुसते हिरवे-जांभळे ठिपके. स्लीपरला ठेचकाळून बसलोच खाली. काका लांबूनच म्हणाले, "दिसून राह्यलं का फोटोग्राफर?" आणि सगळे हसले, मीही. चहा तेव्हा मिळाला, थंड झालेला.

पण आता हे फोटो. 214 आहेत. त्या फ्लॅशनंतरच्या एकूण एक फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले, मी कॅमेरा वर केला की हे मिटून घेत होते. लग्नात मी घसा फोडून ओरडतो, डोळे उघडे ठेवा, नवरदेव डोळे उघडे! इथे एकात तर रूळ स्लीपरला पकडणारी क्लिप ठोकायला हातोडा वर गेलाय आणि डोळे गच्च बंद. तो खाली कुठे पडला असेल? पुढचाच फोटो पाहिला, क्लिपवरच पडलाय. तरी चारदा पाहिला.

साहेबांना बारा पाठवले. उत्तर आलं, रूळ नीट दिसतो, तारीख टाका. डोळ्यांचं काही नाही.

शुक्रवारी पुन्हा ब्लॉक आहे. पिंट्याला म्हटलं, फ्लॅश मारायच्या आधी शिट्टी वाजवत जाईन. तो म्हणे, वाजव, सगळे रूळ टाकून पळतील.