नान्सी: काचेतली फुलं आणि सहीशेजारची चांदणी

पॅरिसला आलेली आपली मंडळी तिथून थेट स्वित्झर्लंड गाठतात. मधल्या नान्सीला कोणी फिरकत नाही. खरं तर गार द लेस्त स्टेशनवरून वेगवान गाडीने जेमतेम दीड तासाचा प्रवास. मी आत्याला घेऊन गेले, ती एमिल गाले या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काच-कलावंताची काच बघायला. आत्याने सांगलीच्या कॉलेजात वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंय. "फ्लॉवरपॉट बघायला एवढ्या लांब? घरी काय कमी पडलेत?" हे तिचं गाडीत बसल्यापासून चालू होतं.

नान्सीत उतरल्यावर आधी स्टेशनजवळची एक्सेल्सियर ब्रासरी गाठा. १९११ सालची. डोक्यावर इथल्याच दोम काच कारखान्याचे दिवे, खिडक्यांना ग्रुबेर या कारागिराच्या रंगीत काचा, आणि हे सगळं एका कॉफीच्या पैशात.

एवढी काच या एकाच गावात का, याचं उत्तर एका पराभवात आहे. १८७१ साली फ्रान्स हरला. सीमेवरचा आल्सास प्रांत आणि शेजारच्या लॉरेनचा एक तुकडा जर्मनीने घेतला. नान्सी मात्र फ्रान्समध्येच राहिलं आणि सीमा एकदम दाराशी आली. ज्यांना जर्मन अंमल नको होता असे कारागीर, व्यापारी, पैसेवाले इकडे लोटले. बित्श गावचे नोटरी जाँ दोम त्यांच्यातलेच. त्यांनी एका काच कारखान्याला कर्ज दिलं होतं. ते काही वसूल होईना, तेव्हा १८७८ मध्ये कारखानाच त्यांच्या गळ्यात पडला. पुढे ओग्युस्त आणि आंतोनँ या त्यांच्या मुलांनी त्याचं नाव जगभर केलं. गाले मात्र मूळचा नान्सीचाच. गंमत म्हणजे १८९४ मध्ये स्वतःचा कारखाना उभारेपर्यंत त्याची काच मायझेनटाल गावात तयार व्हायची, आणि ते गाव तेव्हा जर्मनीत गेलेलं होतं!

एकोल द नान्सी म्हणजे गाले, दोम वगैरे इथल्या कलावंतांचा गट. त्यांच्या कामाचं संग्रहालय गावाच्या जरा बाजूला आहे, एका जुन्या बंगल्यात. सोमवार-मंगळवार बंद. बंगला ओजेन कोरबँ या दुकानदार घराण्यातल्या गृहस्थांचा. संग्रहाचा मोठा भागही त्यांनीच शहराला दिलेला. गालेचा 'पहाट आणि संध्याकाळ' नावाचा १९०४ चा पलंग इथे आहे. डोक्याशी आणि पायाशी लाकडात जडवलेले मोठाले पतंग, पंखांत शिंपला आणि काच. बघायला अप्रतिम, पण त्यावर मला झोप लागली नसती.

आत्या कुरकुरायची थांबली ती फुलदाण्यांच्या कपाटापाशी. "अगं, ही कोथिंबिरीच्या कुळातली! देठाला बघ कसं आवरण दिलंय." छत्रीसारखे फुलोरे असलेली ती रानवनस्पती गालेची फार लाडकी, काचेतही आहे आणि टेबलाच्या पायांतही. गाले नुसता फुलं काढणारा नव्हता. नान्सीच्या बागायती संस्थेच्या स्थापनेत तो होता आणि वनस्पतींवर लेखही लिहायचा. त्यामुळे त्याच्याकडे सुकत चाललेलं पान सुकलेलंच दिसतं आणि किडीने खाल्लेली कडाही सुटत नाही.

ही काच रंगवलेली नसते. भट्टीतल्या काचेच्या गोळ्यावर दुसऱ्या रंगाचा थर, त्यावर कधी तिसरा, असे थर चढवून फुलदाणी फुंकतात. गार झाल्यावर जे राखायचं त्यावर आम्लाला दाद न देणारा लेप लावतात आणि भांडं हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवतात. उघडी काच झिजते, खालचा रंग वर येतो. पुन्हा लेप, पुन्हा आम्ल. मग चांगल्या नगांवर चाकाने बारीक कोरीव काम. जवळून पाहिलं की कळतं: एकाच पाकळीत कडेला गडद जांभळा आणि मध्ये फिका, कारण तिथे थर पातळ झालाय. रंग एकच, फरक फक्त जाडीचा. बोट फिरवता आलं असतं तर त्या पायऱ्या हाताला लागल्या असत्या. पण मध्ये संग्रहालयाची काच!

बोट फिरवायची हौस भागली जुन्या गावातल्या एका दुकानात. तिथे 'गाले' अशी उठावदार सही असलेली पिवळट फुलदाणी होती आणि सहीच्या शेजारी इवलीशी चांदणी. गाले १९०४ मध्ये गेला. त्यानंतर त्याच्या पत्नीने कारखाना चालवला आणि काही वर्षं नगांवर सहीसोबत ही चांदणी येऊ लागली. म्हणजे चांदणी दिसली की नग त्याच्या पश्चातला. चांदणी नसली म्हणून मात्र तो त्याच्या हयातीतला ठरत नाही, कारण कारखाना १९३१ पर्यंत चालू होता आणि पुढच्या मालावर चांदणी नाही. त्यात रुमानियात बनलेल्या अलीकडच्या नकला. त्यांवर 'टिप' असा शब्द असतो, 'त्या धर्तीचं' या अर्थाचा. कोणीतरी तेवढा शब्द घासून टाकतो आणि उरते फक्त सही. म्हणून मला तरी सही बघून माल घेणं पटत नाही. थर बघावेत, कोरलेली कड बघावी, पान ओळखू येतंय का ते बघावं. दुकानदाराने न विचारता चांदणीचा अर्थ सांगितला, त्यामुळे माणूस बरा वाटला. किंमत मात्र आमच्या आवाक्यातली नव्हती.

दुपारी स्तानिस्लास चौकातल्या कलासंग्रहालयाच्या तळघरात दोमची काच पाहिली. जुन्या तटबंदीच्या दगडी भिंती आणि त्यांच्यामध्ये उजळलेली कपाटं. दोमकडे गालेएवढा अभ्यास नाही, पण त्यांच्या पावसाच्या फुलदाण्यांनी मला जिंकलं. करडं-हिरवं आभाळ, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली झाडं आणि सगळ्यावरून तिरप्या कोरलेल्या बारीक रेघा. हा तर आंबोलीचा जुलै.

आत्याला ते पटलं नाही. "झाड कुठलं ते तरी कळतंय का? नुसती झाडं!" परतीच्या गाडीत बॅर्गामोट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या स्वादाच्या पिवळ्या गोळ्या चघळत आमचा हाच वाद चालला होता. ती गालेची आणि मी दोमची.